जाळीच्या किनारीची माळ

१

माळ खिळ्यावर होती. फक्त ती त्याची माळ नव्हती.

गिरणीचा नक्षीकार श्यामकांत धैर्यवान हातातली छत्री न ठेवताच तिच्यासमोर उभा राहिला. परळच्या एका कापड गिरणीतली ही नमुन्यांची खोली. भिंतभर खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर लाकडी पट्ट्यांची एकेक माळ. साच्याच्या, म्हणजे मागाच्या, डोक्यावर डॉबी नावाची पेटी बसवलेली असते, तिच्यातून ही माळ फिरते. पट्टीला भोकं असतात. ज्या भोकात लाकडी खुंटी, तिथले धागे वर जाणार. जे भोक रिकामं, तिथले खाली राहणार. नक्षी काय ती या खुंट्यांत. खुंट्या उपटल्या की नक्षी गेली, नव्या ठोकल्या की नवी आली. लाकूड तेच.

आपल्या कोपऱ्यातल्या खिळ्यावर श्यामकांतनं एक माळ ठेवली होती. नऊवारीच्या किनारीची. कफ परेडला कोळ्यांची जाळी वाळत घातलेली बघून त्याला ती सुचली होती. गणपतीपासून नवरात्रापर्यंत रोज थोडी थोडी करून त्यानं ती स्वतःच्या हातानं भरली. नमुना अजून विणलाही नव्हता. दसऱ्यानंतर साच्यावर चढवायची, असं ठरलं होतं.

आता त्या खिळ्यावर टॉवेलच्या पट्ट्याची नक्षी लटकत होती. जाडजूड, सरळ, बिनडोक.

दुपारपर्यंत गोष्ट मॅनेजरपर्यंत गेली. संध्याकाळच्या भोंग्याआधी गुणाजी परबाला केबिनबाहेर उभं केलं गेलं. माळांत खुंट्या भरायचं काम गुणाजीचं, खोलीत वावर त्याचा, तेव्हा माळ बाहेर विकली तीही त्यानंच, असं ठरलं. शनिवारपर्यंत माळ आली नाही तर गुणाजी कामावरून कमी. काळाचौकीची खोली गिरणीचीच, म्हणजे तीही खाली करायची.

गुणाजीनं डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली आणि तो निघून गेला.

२

"तू भुजणं चिवडतोयस," दुर्गा म्हणाली. "खायचं नसेल तर ताट सरकव. मासा तरी सुटेल."

दुर्गा ही श्यामकांतची थोरली बहीण. गिरगावातल्या मुलींच्या शाळेत ती विणकाम शिकवायची, आणि तिच्या पिशवीत चष्म्याच्या आधी सुया सापडायच्या. वाडीत कुणाचं काही हरवलं की लोक तिच्याकडे येत. तिची एक रीत होती. हरवलेल्या वस्तूबद्दल ती फारसं विचारायचीच नाही. वस्तू हरवली त्या सुमाराला घरात वेगळं काय घडलं, एवढंच विचारायची.

"गुणाजी काय म्हणाला?"

"काय म्हणणार? म्हणे, साहेबांनी सांगितलं तसं केलं."

"आणि साहेबांनी काय सांगितलं होतं?"

श्यामकांत वैतागला. "टॉवेलची मोठी ऑर्डर आलीय. एकाच नक्षीच्या पुष्कळ माळा हव्या होत्या, आणि तातडीनं. या गुणाजीला एक खोड आहे, ताई. जुनी माळ मोडायच्या आधी दरवेळी येऊन विचारणार, साहेब, ही मोडू का? हो म्हटलं की जाणार. पुन्हा पुढची घेऊन येणार. ही मोडू का? मी म्हटलं, बाबा, विचारायला येऊ नकोस. खोलीत आहेत त्या सगळ्या मोड आणि टॉवेलच्या भर."

"मग झालं. तुझीही मोडली."

"तसं होत नाही. न विणलेल्या मूळ माळेला पहिल्या पट्टीशी तांबडा दोरा बांधलेला असतो. तो दिसला की कुणी हात लावत नाही. आमच्याकडचा शिरस्ताच आहे तो. मी स्वतः बांधला होता. दोरा बघूनही मोडायला गुणाजी गाढव नाही. म्हणून तर म्हणतो, माळ पळवली आणि तिच्या जागी दुसरी टांगली."

"कुणासाठी?"

श्यामकांतनं आवाज उतरवला. "गुरुदत्त. आमचा असिस्टंट वीव्हिंग मास्टर. मागं माझ्या एका नक्षीचा कागद त्यानं आपला म्हणून मॅनेजरला दाखवला होता. त्यामुळे या वेळी मी कागद ठेवलाच नाही."

"म्हणजे ती नक्षी आता कुठंच नाही."

"माळेत आहे. आणि माळ नाही."

दुर्गानं ताटं उचलली. स्वयंपाकघराच्या दाराशी ती थांबली.

"गिरणीच्या दारावर झडती होते ना रे? माळ केवढी असते?"

"असेल माणसाएवढी."

"लाकडाची, माणसाएवढी," दुर्गा म्हणाली. "गुणाजीनं ती धोतरात लपवून नेली, असं तुझं म्हणणं आहे?"



३

काळाचौकीला दुर्गा ट्रामनं गेली. द्वैभाषिक राज्याला वर्ष होत आलं होतं, आणि चाळीच्या भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे इतक्यांदा रंगवलेलं होतं, की खालचा चुना कुठला ते कळत नव्हतं.

गुणाजीची बायको गंगुबाई दारातच बसली होती. पुढ्यात भांडी मांडलेली.

"या," ती म्हणाली. "साहेबाची बहीण ना तुम्ही? बरं झालं आलात. एक सांगा, भांडी शनिवारी बांधू की रविवारी चालेल? नाय म्हणजे, रविवारी बाजार करायचा की नाय ते कळत नाय म्हणून."

"गंगे," आतून आवाज आला.

"गंगे काय? माणूस इचारायला आलंय तर मी पण इचारते."

गुणाजी बाहेर आला. त्यानं दुर्गाला पाट दिला आणि स्वतः उंबऱ्यावर बसला. त्याची बोटं बघूनच दुर्गाला त्याचं काम कळलं असतं. अंगठा आणि पहिलं बोट चपटं झालं होतं.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली. "तांबडा दोरा दिसला तर तुम्ही माळ मोडता?"

"कधीच नाय, बाईनू. हात लावत नाय मी."

"मग ती दोऱ्याची माळ तुम्ही कुठं पाहिलीत?"

"तेच तर मी केबिनीत सांगितलंय. कोण ऐकतंय. मी भरायला लागलो तेव्हा भिंतीवर दोऱ्याची माळ नव्हतीच. एक पण नाय. मला वाटलं, साहेबांनी आपली काढून कपाटात ठेवली असेल."

"विचारलं नाहीत?"

गुणाजी हसला. "इचारायची बंदी होती ना."

"हे रोज घरी येऊन इचारतात," गंगुबाई म्हणाली, "भाजीत मीठ घालू का, दिवा लावू का. तिकडे इचारायची बंदी झाली त्या दिवशी म्हटलं, चला, आता घरी तरी दुप्पट इचारतील. तर घरी पण गप. मी म्हटलं, अंगात ताप बिप आहे का?"

दुर्गानं पाटावरून उठता उठता आपला नेहमीचा प्रश्न टाकला. "त्या आठवड्यात गिरणीत वेगळं काय झालं?"

"काय व्हायचंय?" गुणाजी म्हणाला. "दसरा झाला."

४

कुशाबा साचेखात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम. गिरणीच्या कँटीनमध्ये तो बशीतून चहा पीत बसला होता, आणि बाकावर त्याच्या शेजारी बसायची कुणाची छाती नव्हती. दुर्गा बसली.

"खंडेनवमीची पूजा तुम्हीच करता म्हणे."

"मी म्हणजे समदं खातं करतं. साचे धुतो, पुसतो. कुंकवाचं पाणी शिंपडतो, दोरे बांधतो, नारळ फोडतो. वर्षभर त्यांनी आपल्याला पोसायचं, एक दिवस आपण त्यांना."

"नमुन्यांच्या खोलीतही?"

"छ्या. तिथं कोण जातंय. धैर्यवान साहेबांच्या हुकमाशिवाय तिथं माशी जात नाही."

"ते त्या दिवशी रजेवर होते."

"तर कुलूप असणार."

"मग खोलीच्या चौकटीवर कुंकवाची पाच बोटं कुणी उठवली? मी आत्ताच बघून आले. बोटं चांगली उंचावर आहेत. या गिरणीत तुमच्याएवढा उंच मला तरी कुणी दिसला नाही."

कुशाबानं बशी खाली ठेवली. मग तो हसायला लागला. घशातल्या घशात, खांदे हलवत.

"बाई, तुम्ही शाळेत पोरींना लई छळत असणार." त्यानं आवाज कमी केला. "किल्ली मागून घेतली. आता साच्यांची पूजा करायची आणि त्यांच्या माळा तशाच उपाशी ठेवायच्या? त्या पण हत्यारंच. सगळ्या उतरवल्या, पुसल्या, पाणी शिंपडलं. शिंपडलं म्हणजे पोरांनी तांब्याच रिकामा केला. जशा हाताला लागल्या तशा परत टांगल्या."

"आणि दोरे?"

"सगळ्यांना बांधले की. एकीला बांधायचा आणि दुसरीला नाही, हे बरं दिसतं?"

"कुठल्या रंगाचे?"

"पूजेचा दोरा कुठल्या रंगाचा असतो, बाई?" कुशाबा म्हणाला. "तांबडा."

दुर्गा चहाकडे बघत राहिली. एका माळेला तांबडा दोरा होता. नवमीच्या दिवशी तो सगळ्यांना झाला. आणि गुणाजी म्हणतो, एकीलाही नव्हता.

कँटीनमधून ती तडक गुरुदत्ताकडे गेली. त्याच्या टेबलावर सगळं काटकोनात ठेवलेलं होतं. दुर्गा आली तेव्हा तो उठून उभा राहिला आणि ती बसल्यावरच बसला. गिरगावचाच मुलगा, तिच्या ओळखीच्या घरातला.

"श्यामकांतला वाटतं मी चोर आहे," तो म्हणाला. "मागच्या कागदाबद्दल मला काही बोलायचं नाही. ती चूक होती. पण ही माळ मी बघितलेलीसुद्धा नाही."

"मी माळेबद्दल आलेच नाही. मला यंत्रातलं कळत नाही, म्हणून विचारते. डॉबीत दोरा अडकला तर काय होतं?"

"साचा उभा राहतो. चिमूटभर दोऱ्यानं अख्खी नक्षी बिघडते. त्यामुळे माळ चढवण्याआधी दोरे कापावेच लागतात, नाहीतर..."

तो थांबला.

"पूजेचे दोरे," दुर्गा म्हणाली. "कामगार ते कापणार नाहीत. देवाचा दोरा आपोआप गळेपर्यंत ठेवतात."

गुरुदत्तानं उठून दार लोटून घेतलं आणि तो परत येऊन बसला. 

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी," तो म्हणाला. "दुपारी कामगार मैदानावर सभा होती. खातं रिकामं झालं. मी आत गेलो तर प्रत्येक माळेला दोरा लोंबतोय. कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर भांडण. म्हणून स्वतः कात्री घेतली आणि सगळे कापले. दुर्गाताई, बाहेर काय वातावरण आहे तुम्ही बघताच. गिरगावच्या साहेबानं पूजेचे दोरे कापले, एवढं एक वाक्य फिरलं की उद्या एक साचा चालणार नाही."

"त्यात एक पूजेचा नव्हता," दुर्गा म्हणाली.

२, पुन्हा

आता दुसरं प्रकरण मोडून पुन्हा भरायला हवं, कारण श्यामकांतनं ते सांगितलं तेव्हा त्याला अर्धंच माहीत होतं.

खरं असं घडलं. श्यामकांतनं आपल्या माळेला तांबडा दोरा बांधला आणि तो रजेवर गेला. कुशाबानं सगळ्या माळा उतरवल्या, प्रत्येकीला तांबडा दोरा बांधला आणि कुठली कुठं होती ते न बघता परत टांगल्या. गुरुदत्तानं सगळे दोरे कापले. श्यामकांत परत आला, ऑर्डरच्या घाईत भिंतीकडे न बघताच गुणाजीला म्हणाला, विचारायला येऊ नकोस, सगळ्या मोड. गुणाजीनं सगळ्या मोडल्या.

चोर या प्रकरणात नाहीच. पूजा करणाऱ्यानं भक्तिभावानं केली. दोरे कापणाऱ्यानं साच्यांच्या काळजीनं कापले. गुणाजीनं हुकूम पाळला. या तिघांच्या कामातून एक चूक वाट काढत आली होती, आणि ती अडायची एकच जागा उरली होती. ही मोडू का, असं गुणाजी विचारायचा, तीच. ती श्यामकांतनं बंद केली होती.

हे सगळं दुर्गानं शुक्रवारी संध्याकाळी भावाला सांगितलं. तो खिडकीपाशी उभा होता.

"पटतंय," तो म्हणाला. "पण मॅनेजर म्हणेल, गोष्ट छान रचली. तो माळ मागतोय, ताई. माळ मोडली गेली असेल तर ती आता जगात नाही. मग गुणाजीनं विकली नाही, हे दाखवायचं कशावरून?"

 दुर्गा सुयांवर टाके मोजत राहिली. मग तिचे हात थांबले.

"कुशाबा म्हणाला, तांब्या रिकामा केला," ती म्हणाली. "उद्या सकाळी मला त्या खोलीत ने. गुणाजीलाही बोलावून घे."

५

शनिवारी सकाळी खोलीत चौघं होती. श्यामकांत, गुणाजी, दुर्गा, आणि न बोलावता आलेला कुशाबा. तो दाराला टेकून उभा राहिला.

दुर्गानं कोपऱ्यातल्या खिळ्यावरची माळ उतरवून टेबलावर पसरली. पिशवीतून विणकामाची सुई काढली आणि गुणाजीला म्हणाली, "पहिल्या पट्टीच्या खुंट्या काढा."

गुणाजीनं श्यामकांतकडे पाहिलं.

"काढ," श्यामकांत म्हणाला.

खुंट्या निघाल्या. दुर्गानं पट्टी उजेडाकडे धरली आणि एकेका भोकात डोकावली. मग पट्टी भावाच्या हातात दिली.

"काय दिसतं?"

"भोकं."

"रंग बघ."

श्यामकांतनं पट्टी डोळ्यांजवळ नेली. काही भोकं आतून तांबूस होती. काही कोऱ्या लाकडाची.

"पाणी शिंपडलं तेव्हा ज्या भोकात खुंटी होती, तिथं कुंकू शिरलं नाही," दुर्गा म्हणाली. "जे रिकामं होतं, ते रंगलं. नंतर गुणाजीनं खुंट्या उपटल्या, नव्या ठोकल्या. सगळ्याच माळांवर कुंकू सांडलं होतं, त्यामुळे त्यांना त्यात वेगळं काही दिसलं नाही. पण लाकडानं पाणी प्यायलं ते प्यायलंच. पूजेच्या दिवशी या माळेत जी नक्षी होती, ती अजून आत आहे. कोरी भोकं म्हणजे त्या नक्षीच्या खुंट्या."

गुणाजी पुढं सरकला. त्यानं पट्टीवरून चपटं बोट फिरवलं. मग दुसरी पट्टी मोकळी केली, तिसरी केली. पट्टीमागून पट्टी कोरी भोकं एकाखाली एक, सरळ रांगेत उतरत होती.

"ही जुन्या चादरीची," तो म्हणाला. "मीच भरली होती. ही न्हवे."

श्यामकांतचा चेहरा उतरला.

"तुझ्या खिळ्यावर होती म्हणून तुझी, असं कुणी सांगितलं?" दुर्गा म्हणाली. "जशा हाताला लागल्या तशा टांगल्यात त्यांनी."

दाराशी कुशाबानं घसा खाकरला आणि छताकडे बघितलं.

दुसरी माळ पंच्याची निघाली. तिसरी पुन्हा चादरीची. चौथ्या माळेच्या पहिल्या दोन पट्ट्या बघून गुणाजीचा हात जलद चालू लागला. कोरी भोकं आता सरळ उतरत नव्हती. दोन रांगा दोन बाजूंनी तिरक्या येत होत्या, जवळ येऊन मिळत होत्या, मिळाल्या तिथं एक गाठ, मग पुन्हा दूर. दुर्गा सुईचं टोक भोकाभोकावर ठेवत बोलू लागली, वर्गात टाके सांगायची तशी. कोरं, रंगीत, रंगीत, कोरं. गुणाजी ऐकत होता आणि कोऱ्या भोकांत खुंट्या ठोकत होता. ठोकताना तो तोंडातल्या तोंडात तेच शब्द म्हणत होता.

अर्धी माळ झाल्यावर श्यामकांत खुर्चीत बसला.

"जाळं," तो म्हणाला.

"व्हय," गुणाजी म्हणाला. "पण तुमची एक गाठ चुकलीय, साहेब. हितं, बघा. ही खुंटी एक घर पलीकडे हवी."

"ती मुद्दामच आहे. कोळणीनं जाळं सांधलेलं असतं ना, तशी."

गुणाजीनं ती गाठ जराशी मान वाकडी करून बघितली. "मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

६

मॅनेजरच्या केबिनमध्ये श्यामकांत पुढं होऊन बोलला. दुर्गाला वाटलं होतं, तो लाकूड, कुंकू, भोकं यांच्यापासून सुरुवात करील. त्यानं सुरुवात वेगळीच केली.

"माळ मोडायचा हुकूम माझा होता. विचारू नकोस, हाही माझाच. गुणाजीचा यात दोष नाही."

मग त्यानं माळ टेबलावर ठेवली. मॅनेजरनं ती उलटसुलट करून पाहिली. खुंट्या काढलेली एक पट्टी मुद्दाम तशीच ठेवली होती, तिच्यातही त्यानं डोकावून पाहिलं.

"आणि दोरा कुठं गेला?" त्यानं विचारलं.

दुर्गा काहीतरी गुळमुळीत सांगणार होती. तेवढ्यात मागून आत आलेला गुरुदत्त म्हणाला, "मी कापला. सगळेच कापले."

केबिनमध्ये कुशाबाही होता. गुरुदत्तानं त्याच्याकडे बघायचं टाळलं नाही. कुशाबानं हातांची घडी घातली, सोडली.

"पुढच्या वर्षी आम्हाला सांगा, साहेब," तो म्हणाला. "आम्ही गाठी सोडून ठेवू. कात्री लावायची नाही." आणि थोडं थांबून, "खोलीत आम्ही पण न विचारता शिरलो होतो म्हणा."

मॅनेजरला या दोघांत काय मिटलं ते कळलं नाही, आणि कळून घ्यायची त्याला गरजही वाटली नाही. त्यानं गुणाजीला आत बोलावलं आणि सोमवारपासून पूर्ववत कामावर ये, असं सांगितलं. काळाचौकीची खोली त्याचीच. झालं ते झालं.

गुणाजी उभाच राहिला.

"काय?" मॅनेजर म्हणाला.

"नमुन्याच्या खोलीत नको, साहेब. मला साच्यावर घ्या."

श्यामकांत चमकला. "अरे, साच्यावर बदली म्हणून जाशील, कुणी गैरहजर असेल तेव्हाच काम. तिथला आवाज माहीत आहे ना? दहा वर्षांत बहिरा होशील. इथं बसून काम आहे, सावली आहे. आणि मी सांगतो ना, पुन्हा तसं होणार नाही. तू विचार, किती वेळा विचारायचंय तेवढ्यांदा विचार."

"तुमच्यावर राग नाय, साहेब," गुणाजी म्हणाला. "पण त्या दिवसापासून तुमच्या खोलीत बसलो की माझं तोंड आपोआप बंद होतं. आज सकाळी पण बाईनी काढा म्हटलं, तर मला तुमच्याकडे बघावं लागलं. असं काम होत नाय माझ्याच्यानं."

 कुशाबा म्हणाला, "माझ्याकडे एक जोडी साचे मोकळे होतायत."

सोमवारी शाळेला सुट्टी होती. दुर्गा भावाबरोबर गिरणीत आली ती जाळीची किनार साच्यावर चढताना बघायला. साचेखात्याचं दार उघडलं आणि तिला आवाज ऐकू येण्याऐवजी अंगावर आदळल्यासारखा वाटला. शेजारी उभा असलेला श्यामकांत काहीतरी बोलत होता, त्याचे नुसते ओठ हलत होते.

साच्यांच्या दोन रांगांच्या मध्ये गुणाजी उभा होता. त्यानं पलीकडच्या साच्यावरच्या बाईकडे बघून हात वर केला, बोटं जुळवली, मनगट फिरवलं, भुवया उंचावल्या. तिनं मान हलवली आणि उलट तीन बोटं दाखवली. त्यानं पुन्हा काहीतरी विचारलं. तिनं कपाळाला हात लावला आणि ती खदाखदा हसली, आणि तिचं हसूसुद्धा कुणाला ऐकू आलं नाही. मग दोघं आपापल्या कामाला लागली. थोड्या वेळानं गुणाजीचा हात पुन्हा वर गेला.

श्यामकांत ते बघत होता. तो गुणाजीकडे निघाला, दोन पावलांवर थांबला, आणि कुशाबाच्या बाहीला धरून त्यानं हातांनीच विचारलं, हे कसं बोलतात ते मला शिकवशील का. त्याच्या बोटांची नुसती गुंतावळ झाली. कुशाबानं ती नीट बघितली, मान हलवली, आणि त्याला पहिलं बोट कसं धरायचं ते दाखवलं.